लोरेटा लिन यांची गाणी कशी ऐकावीत

अमेरिकेतील कंट्री संगीताशी आपल्याकडील बहुतेकांची ओळख गिटार, रुंद काठाची टोपी आणि घोडा यांच्यापुढे फारशी जात नाही. ज्यांना त्यापुढे जायचे आहे त्यांनी सुरुवात लोरेटा लिन यांच्यापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांच्या आधी या संगीतात गाजलेल्या गायिका नव्हत्या असे नाही. किटी वेल्स यांचे १९५२ सालचे गाणे बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि एकट्या गायिकेला तो मान प्रथमच मिळाला. मात्र पुरुषांच्या ढोंगावर बोट ठेवणारे ते गाणे लिहिले होते जे. डी. मिलर या पुरुषाने. लोरेटा लिन यांनी स्वतःच्या संसारातले, शेजारपाजारचे आणि मंचामागे भेटायला येणाऱ्या बायकांकडून कळलेले विषय घेतले, ते स्वतःच्या शब्दांत बांधले आणि स्वतःच्या आवाजात खणखणीतपणे गायले. त्यामुळे त्यांना ऐकताना गायिकेइतकाच लेखिकेकडे कान हवा, आणि पुढची सारी पद्धत त्यावरच उभी आहे.

ऐकण्याआधी

शब्द समोर ठेवल्याशिवाय ही गाणी ऐकू नयेत. इंग्रजी उत्तम येणाऱ्यालाही पूर्व केंटकीच्या डोंगराळ भागातील उच्चार पहिल्या खेपेला पकडता येत नाहीत, आणि लोरेटा लिन यांनी तो उच्चार शहरी श्रोत्यांसाठी कधीच घासूनपुसून घेतला नाही. बुचर हॉलो या त्यांच्या गावाच्या नावातला ‘हॉलो’ त्या ‘हॉलर’ असाच म्हणतात आणि त्याचे यमक ‘डॉलर’शी जुळवतात. शुद्ध उच्चारात ते यमक जुळलेच नसते. शब्द एकदा वाचून घ्यावेत, मग डोळे मिटून ऐकावे, आणि तिसऱ्या खेपेस वाद्यांकडे वळावे.

दुसरी काळजी ध्वनिमुद्रणाच्या सालाची. गाण्यांच्या अॅपवर त्यांचे नाव टाकले की एकाच गाण्याच्या तीन-चार आवृत्त्या समोर येतात, कारण उतारवयात त्यांनी आपली जुनी गाणी पुन्हा गायली आहेत. त्या आवृत्त्या ऐकण्याजोग्या आहेत, पण सुरुवात त्यांच्यापासून करू नये. १९६१ नंतरची मूळ ध्वनिमुद्रणे डेका कंपनीची आहेत, आणि १९७३ पासून त्याच कंपनीचे नाव एमसीए असे दिसते. निर्माते म्हणून ओवेन ब्रॅडली यांचे नाव आढळले की आपण योग्य ठिकाणी आलो असे समजावे. अॅपने आपोआप जुळवलेली यादीही सुरुवातीला टाळावी, कारण तिच्यात १९६२ आणि २००४ शेजारीशेजारी येतात आणि लेखिकेची वाढ कानाला जाणवत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे एक प्रश्न, जो प्रत्येक गाण्याला विचारावा: हे कोण बोलते आहे आणि कोणाला? त्यांची बहुतेक महत्त्वाची गाणी कोणाच्या तरी तोंडावर बोललेली असतात. समोर कधी नवरा असतो, कधी नवऱ्यावर डोळा ठेवून असलेली बाई, तर कधी प्रत्यक्ष सरकार. समोरचे माणूस ओळखता आले की गाण्यातला राग, थट्टा आणि दुखरी जागा एकदमच कळू लागतात.

पहिले गाणे

सुरुवात १९७० सालच्या ‘कोल मायनर्स डॉटर’ने करावी. कालक्रमाने ते पहिले नाही, पण पुढच्या सगळ्या गाण्यांतली बाई कुठल्या मातीतून आली हे त्यात कळते. लोरेटा लिन (माहेरच्या वेब) यांचा जन्म १४ एप्रिल १९३२ रोजी केंटकी राज्यातील व्हॅन लिअर या कोळसाखाणीच्या वसाहतीजवळ, बुचर हॉलो नावाच्या डोंगरघळीत झाला. आठ भावंडांत त्या दुसऱ्या. वडील खाणीत कोळसा काढत आणि घरच्या तुकड्यात शेती करत.

हे गाणे ऐकताना तक्रारीचा सूर कुठे सापडतो का ते पाहावे. तो सापडत नाही, आणि हीच लेखिकेची ताकद आहे. गरिबी वाईट असते असे एकही विधान त्यात नाही. आहेत त्या नुसत्या वस्तू आणि कामे: रात्रभर खाणीत राबून दिवसा मक्याच्या शेतात खुरपणारा बाप, दिव्याच्या उजेडात बायबल वाचणारी आई, कपडे घासण्याच्या खरबरीत फळीवर तिच्या बोटांतून आलेले रक्त, उन्हाळाभर अनवाणी फिरणारी आणि हिवाळ्यासाठी टपालाने मागवलेल्या जोड्यांची वाट पाहणारी मुले. त्या जोड्यांचे पैसेही डुक्कर विकून आलेले. असा एकेक तपशील ऐकताना थांबावे आणि तो काढून टाकला तर गाण्याचे काय होईल ते मनाशी पाहावे. मूळ गाणे यापेक्षा बरेच लांब होते. ब्रॅडली यांनी काही कडवी गाळायला लावली आणि त्याची रुखरुख लोरेटा लिन यांना पुढे राहिली. मला मात्र गाळणीचा निर्णय बरोबर वाटतो, कारण उरलेल्या ओळींत एकही शब्द भरतीचा नाही.

तिसऱ्या खेपेस बँजो ऐकावा. त्या काळी कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलमध्ये तंतुवाद्यांचा मोठा ताफा आणि मागे गुळगुळीत समूहस्वर अशी चाल रुळली होती. या गाण्यात बँजोच्या टणत्काराने डोंगरातला जुना बाज आणला जातो, आणि पेडल स्टील गिटारचे ओढलेले स्वर त्याला वाजवीपेक्षा कोरडे होऊ देत नाहीत.

मागे वळून १९६० कडे

आता मागे जावे. लोरेटा यांचे लग्न जानेवारी १९४८ मध्ये ऑलिव्हर लिन यांच्याशी झाले तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. वर्षभराच्या आत, पहिल्या बाळंतपणाच्या आधी, नवराबायको देशाच्या दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर या गावी राहायला गेली. विशीपर्यंत त्यांच्या पदरी चार मुले होती. १९५३ च्या सुमारास नवऱ्याने त्यांना सतरा डॉलरची हार्मनी गिटार आणून दिली. ती त्या स्वतःच वाजवायला शिकल्या, आणि घरकाम उरकून गाणी रचू लागल्या.

‘आय’म अ हाँकी टाँक गर्ल’ हे त्यांचे पहिले गाणे १९६० साली झिरो रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने काढले. ते ऐकताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. आवाजावर किटी वेल्स यांची छाप अजून स्पष्ट आहे. शब्द मात्र कच्चे असूनही बोलणारी स्त्री कोण हे पहिल्याच ओळींत ठरते: मद्यालयात एकटी बसून रडणारी, आणि आपण इथवर का आलो हे सांगू पाहणारी. नवराबायकोने गाडी काढली, तबकड्या सोबत घेतल्या आणि एकेका रेडिओ केंद्राचे दार ठोठावत ते गाणे वाजवून घेतले. ते कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर प्रथम गायल्या आणि १९६२ साली तिच्या सदस्य झाल्या.

या टप्प्यावर पॅट्सी क्लाइन यांना ऐकणे अत्यावश्यक आहे. १९६१ साली मोटार अपघातानंतर क्लाइन रुग्णालयात असताना नवख्या लोरेटा यांनी रेडिओवर त्यांचेच गाणे त्यांच्या नावाने गायले, आणि तेथून दोघींची घट्ट मैत्री झाली. नॅशव्हिलमध्ये कसे वावरावे आणि आपला मोबदला कसा मागून घ्यावा हे क्लाइन यांनी त्यांना शिकवले. मार्च १९६३ मध्ये क्लाइन विमान अपघातात गेल्या. पुढच्या वर्षी झालेल्या जुळ्या मुलींपैकी एकीचे नाव लोरेटा यांनी पॅट्सी ठेवले.

‘शी’ज गॉट यू’ हे हँक कॉक्रन यांचे गाणे क्लाइन यांनी १९६२ साली गायले आणि लोरेटा यांनी १९७७ साली त्यांच्या स्मरणार्थ पुन्हा गायले. दोन्हींचे निर्माते ब्रॅडलीच. ही दोन ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत. क्लाइन स्वर लांबवतात, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरतात आणि दुःखाला एक भारदस्त आकार देतात. लोरेटा तेच शब्द सांगितल्यासारखे गातात आणि ओळ संपली की लगेच सोडून देतात. त्यांचे गाणे बोलण्याच्या किती जवळ असते हे इतक्या लख्खपणे दुसरीकडे कुठे कळत नाही.

नवरा, दुसरी बाई आणि गोळी

मार्गदर्शनाचा गाभा म्हणजे १९६६ ते १९७५ ही वर्षे. येथे घाई करू नये. एका बैठकीत एक-दोनच गाणी घ्यावीत.

पहिले घ्यावे ‘यू एन्ट वूमन इनफ’, १९६६ सालचे. याची जन्मकथा लोरेटा लिन यांनी अनेकदा सांगितली आहे. कार्यक्रमाआधी एक बाई रडत मंचामागे आली आणि आपला नवरा दुसऱ्याच बाईला घेऊन पुढे बसला आहे असे तिने सांगितले. लोरेटा यांनी पडद्याआडून त्या दुसरीकडे पाहिले आणि हिला तुझा नवरा हिरावून नेणे जमायचे नाही, एवढी काही ती नाही, असे तिथल्या तिथे म्हटले. गाणे त्या वाक्यातूनच जन्मले. आता आपला प्रश्न विचारावा. बोलते ती बायको, आणि बोलते थेट दुसरीशी. नवरा गाण्यात आहे, पण त्याला बोलायला वाव नाही. तोपर्यंतच्या अशा गाण्यांतली बायको बहुधा उशीत तोंड खुपसून रडत असे. ही बाह्या सरसावून उभी आहे, आणि तिचा आवाज एकदाही चढत नाही. १९६८ च्या ‘फिस्ट सिटी’मध्ये हीच बायको पुढची पायरी गाठते आणि झिंज्या उपटण्याची उघड धमकी देते. ऑलिव्हर लिन यांच्या मागे लागलेल्या एका खऱ्या बाईला ते उद्देशून होते, असे लोरेटा यांनीच सांगितले आहे.

‘डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन’’ हे त्यांनी बहीण पेगी स्यू यांच्यासह लिहिलेले गाणे १९६७ च्या आरंभी पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यांचे ते पहिले अव्वल गाणे. रात्री दारू पिऊन घरी येणाऱ्या आणि वर बायकोच्या जवळिकीची अपेक्षा ठेवणाऱ्या नवऱ्याला ती ठणकावते की असा येणार असशील तर येऊच नकोस. ऑलिव्हर लिन दारू पीत, बाहेरख्याली होते, आणि तरीही गिटार आणून देणारे, बायकोच्या गाण्यावर तिच्याआधी विश्वास ठेवणारेही तेच होते. हा संसार १९९६ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत टिकला. गाणी ऐकताना या दोन्ही बाजू मनात ठेवाव्यात. नुसता राग ऐकला तर त्यातली माया निसटते, आणि नुसती माया ऐकली तर लेखिकेवर अन्याय होतो.

घराबाहेरचे एक गाणे इथेच घ्यावे. १९६६ च्या ‘डिअर अंकल सॅम’मध्ये व्हिएतनामच्या युद्धात नवरा गेलेली स्त्री सरकारला पत्र लिहिते. ती देशावर प्रेम करते आणि तुला माझ्या नवऱ्याची गरज असली तरी मला त्याहून अधिक आहे, असेही म्हणते. शेवटी त्याच्या मृत्यूची तार येते. घोषणा न देता युद्धाची किंमत सांगणारे इतके नेमके गाणे मला दुसरे चटकन आठवत नाही.

‘रेटेड एक्स’ हे १९७२ अखेरचे गाणे घटस्फोट घेतलेल्या बाईकडे समाज कोणत्या नजरेने पाहतो याबद्दल आहे. त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने त्यांना एंटरटेनर ऑफ द इयर हा सन्मान दिला, जो तोवर एकाही स्त्रीला मिळाला नव्हता.

आणि मग ‘द पिल’. संततिनियमनाच्या गोळीला अमेरिकेत १९६० साली मान्यता मिळाली होती. हे गाणे १९७२ साली मुद्रित झाले, पण कंपनीने ते १९७५ पर्यंत बाहेर काढले नाही. वर्षागणिक बाळंत होणारी बायको स्वतःला अंड्यांवर बसवलेल्या कोंबडीच्या जागी ठेवते आणि खुराडे आता बंद झाले असे नवऱ्याला कळवते. शेतकरी घरातल्या बाईला चटकन पटेल अशी ही भाषा आहे, आणि म्हणूनच ती लोकांना इतकी झोंबली. अनेक रेडिओ केंद्रांनी गाणे वाजवायचे नाकारले, तरी ते कंट्री यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेले. खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांनी, पत्रकांनी झाले नाही ते काम या गाण्याने केले असे आपल्याला सांगितल्याचे लोरेटा लिन यांनी नोंदवले आहे. ऐकताना चालीकडे लक्ष द्यावे. विषय एवढा वादाचा, पण चाल उड्या मारणारी आहे, आणि गाणारीला मनापासून आनंद झालेला आहे.

येथे एक सावधगिरी. या गाण्यांवरून त्यांना एखाद्या चळवळीच्या रांगेत उभे करण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्या स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घेत नसत, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकांत त्यांनी थोरले जॉर्ज बुश आणि पुढे डोनाल्ड ट्रम्प यांना उघड पाठिंबा दिला. गाणे काय सांगते ते गाण्यातच शोधावे.

लेखणी कोणाची

तबकडीवरचे गीतकाराचे नाव वाचण्याची सवय येथून लावून घ्यावी, कारण लोरेटा लिन यांची म्हणून ओळखली जाणारी काही गाणी त्यांनी लिहिलेली नाहीत. ‘द पिल’ लिहिणाऱ्यांत लोरीन अॅलन, डॉन मॅकहान आणि टी. डी. बेलेस ही नावे आहेत. १९७१ चे ‘वन्स ऑन द वे’, ज्यात टोपेकातली गरोदर गृहिणी मासिकांतल्या झगमगत्या बायकांचे आयुष्य आणि आपले उतू जाणारे स्वयंपाकघर शेजारी ठेवते, ते शेल सिल्व्हरस्टाइन यांचे आहे. या गाण्यांना त्यामुळे उणेपणा येत नाही. उलट त्यांचा आवाज आणि विषय इतके ठरून गेले होते की दुसरे लोक त्यांच्या तोंडी शोभेल असे लिहू लागले, हे त्यातून दिसते.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून त्यांचे स्वतःचे लेखन आटत जाते हेही या नावांवरून कळेल. त्यामागे व्यवहाराचे कारण आहे. सुरुवातीला त्यांना डेकापर्यंत पोहोचवणाऱ्या विल्बर्न बंधूंच्या प्रकाशनसंस्थेशी त्यांच्या गाण्यांचे हक्क कराराने बांधलेले होते. संबंध तुटल्यावर ते हक्क सोडवण्यासाठी त्यांनी न्यायालयात दीर्घ झगडा दिला, पण यश आले नाही. भरात असलेल्या लेखिकेने हात आखडता घ्यावा यासारखे नुकसान नाही, आणि त्याचे मला अजूनही वाईट वाटते.

गायक कॉनवे ट्विटी यांच्याबरोबरची युगुलगीते या काळात गाजली. १९७१ ते १९७५ या काळात लागोपाठ पाच पहिल्या क्रमांकावर गेली, आणि एकूण सोळा अव्वल गाण्यांत ती मोजली जातात. ‘आफ्टर द फायर इज गॉन’ आणि ‘लुइझियाना वूमन, मिसिसिपी मॅन’ एवढी दोन ऐकली तरी सुरुवातीला पुरे.

बहात्तराव्या वर्षीची तबकडी

यानंतर थेट २००४ वर यावे. ‘व्हॅन लिअर रोझ’ या अल्बमचे निर्माते होते रॉक संगीतातले जॅक व्हाइट, त्यांच्यापेक्षा चाळीसहून अधिक वर्षांनी लहान. गीते सगळी लोरेटा लिन यांची. हा अल्बम मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने ऐकावा. गिटारचा आवाज खरखरीत आहे, ढोल जवळून वाजतो, आणि आवाज वयाने थोडा फाटलेला असूनही सुरात पक्का आहे. ‘फॅमिली ट्री’मध्ये बायको लेकरांना घेऊन दुसरीच्या दाराशी उभी राहते, आपले घर जाळणारी बाई मुलांनी पाहावी म्हणून. हे ऐकून लगेच १९६६ चे ‘यू एन्ट वूमन इनफ’ पुन्हा लावावे. तेच भांडण आहे, पण आता त्यात मुलांची साक्ष आली आहे आणि बेफिकिरीची जागा थकव्याने घेतली आहे. ‘मिस बीइंग मिसेस’ हे वैधव्यावरचे गाणे अगदी कमी वाद्यांवर चालते. ते रात्री, एकट्याने ऐकावे. या अल्बमने त्यांना दोन ग्रॅमी पुरस्कार मिळवून दिले.

पुस्तक, चित्रपट आणि गावे

१९७६ साली पत्रकार जॉर्ज व्हेसी यांच्या साहाय्याने लिहिलेले त्यांचे ‘कोल मायनर्स डॉटर’ हे आत्मचरित्र गाण्यांची पहिली फेरी झाल्यावरच वाचावे. वाचताना वयाची एक गोष्ट लक्षात असू द्यावी. आपले लग्न तेराव्या वर्षी झाले असे त्या दीर्घकाळ सांगत आल्या होत्या. जन्माची आणि लग्नाची कागदपत्रे २०१२ साली उजेडात आली, तेव्हा लग्नाच्या वेळचे वय पंधरा असल्याचे दिसले. पुस्तकावरचा त्याच नावाचा चित्रपट १९८० सालचा, मायकेल अॅप्टेड यांनी दिग्दर्शित केलेला. त्यात सिसी स्पेसेक यांनी लोरेटा साकारल्या, गाणीही स्वतःच गायली आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळवले. मूळ गाणी आधी ऐकून ठेवली असतील तर स्पेसेक यांनी उच्चार किती बारकाईने उचलले आहेत ते कळते.

अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिकडे मुलांकडे जाणाऱ्या वाचकांना दोन ठिकाणे सुचवतो. टेनेसीतले हरिकेन मिल्स नॅशव्हिलच्या पश्चिमेला आहे. आंतरराज्य महामार्ग ४० वरून १४३ क्रमांकाच्या फाट्याने तिकडे जाता येते. लिन दांपत्याने ही जागा १९६६ साली घेतली आणि ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, नव्वदाव्या वर्षी, लोरेटा यांचे निधन तेथेच झाले. तिथल्या संग्रहालयात त्यांचे पोशाख आणि वापरातल्या वस्तू मांडलेल्या आहेत. दुसरे ठिकाण पूर्व केंटकीतले बुचर हॉलो, जेथे डोंगरउतारावरचे त्यांचे लाकडी घर आहे. त्या भागातून जाणाऱ्या २३ क्रमांकाच्या महामार्गाला कंट्री म्युझिक हायवे असे नाव दिलेले आहे, कारण या एका पट्ट्यातून अनेक गायक पुढे आले. लोरेटा यांची धाकटी बहीण क्रिस्टल गेल याही त्यांतल्याच, आणि परतीच्या प्रवासात त्यांचे ‘डोन्ट इट मेक माय ब्राउन आइज ब्लू’ लावावे. एकाच आईबापांच्या या दोन लेकींपैकी एकीने डोंगरातला उच्चार जपला आणि दुसरीने मऊ, शहरी ढंग स्वीकारला, हा फरक त्या रस्त्यावर अधिक स्पष्ट ऐकू येतो. दोन्ही जागा पाहायच्या असतील तर त्या दोन राज्यांत एकमेकींपासून बऱ्याच दूर आहेत हे धरून निदान दोन दिवस हाताशी ठेवावेत, आणि निघण्याआधी त्या उघड्या असल्याची खात्री करून घ्यावी.